परतून आलेल्यांची नोंद

देशावरच्या कुठल्याही जुन्या गावात जा, वेशीजवळ किंवा महादेवाच्या देवळाच्या आवारात एखादा तरी वीरगळ सापडतो. खालच्या कप्प्यात लढाई, मधल्या कप्प्यात पडलेल्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गुरं सोडवताना किंवा गावावर आलेली धाड अंगावर घेताना मेलेला कुणीतरी माणूस. बहुतेकांवर नाव कोरलेलं नसतं, पण गावानं त्याच्यासाठी दगड घडवला, उभा केला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याला शेंदूर लावला. शेजारी कधी सतीशिळाही असते. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात.

या रीतीबद्दल मला आदर आहे. पण लढून जिवंत परत आलेल्याची शिळा मी अजून पाहिलेली नाही. नवरा मोहिमेवर असताना जिनं घर, गुरं आणि रान राखलं, त्या बाईची तर नाहीच. दगडात जागा मिळायची तर दोघांनाही मरावं लागे.

आपली आजची रीत याहून फार वेगळी नाही. 2019 च्या फेब्रुवारीत दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय समर स्मारक झालं. स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या सैनिकांची नावं तिथे ग्रॅनाइटवर एकेक करून कोरलेली आहेत. ते व्हायला इतकी वर्षं लागली हीच खंत आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगावी शिलाफलक लागले, तेही प्राण दिलेल्यांच्या स्मरणासाठी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. पण त्याच गावातून त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या भरती झालेले, वीस-वीस वर्षं नोकरी करून ट्रंक घेऊन घरी आलेले आणि नंतर म्हातारपणानं गेलेले शेकडो लोक असतील. त्यांनी काय केलं, कुठे केलं, हे त्यांच्या घराबाहेर कुणालाच माहीत नाही. बऱ्याचदा घरातही माहीत नसतं.

माझं म्हणणं असं, की प्राण दिलेल्यांचा मान आहे तिथेच राहू द्यावा, पण राबून परतलेल्यांची नोंद ठेवणं हे गावाचं, शासनाचं आणि आम्हा मुलांचं काम आहे. ती नोंद करताना फौजेतली नोकरी आणि घर यांची दोन वेगळी खाती मांडू नयेत. एकाची किंमत दुसऱ्यानं मोजलेली असते.

हे मी तात्यांमुळे म्हणते. माझे वडील माण तालुक्यातल्या एका वाडीतले. 1964 साली भरती झाले, 1985 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर म्हणून. ‘फौजेत होते’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदूक येते, खंदक येतो. तात्यांच्या हातात आयुष्यभर स्टिअरिंग होतं, जबलपूरला बनलेल्या शक्तिमान ट्रकचं. त्यांनी शत्रू समोरासमोर कधी पाहिला नाही, हे ते स्वतःच सांगायचे. गावात कुणी ‘किती मारले?’ असं विचारलं, की ‘मी आटा पोचवला’ असं उत्तर द्यायचे आणि विषय संपवायचे.

हा आटा पोचवणं म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. श्रीनगरहून लेहकडे निघालं की सोनमर्गनंतर झोजिला खिंड लागते, सुमारे 11,500 फुटांवर. त्या काळी साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत ती बर्फानं बंद असायची. म्हणजे लडाखमधल्या सगळ्या फौजेचं सहा महिन्यांचं धान्य, डाळ, टिनबंद अन्न, घासलेट, औषधं आणि दारूगोळा उरलेल्या सहा महिन्यांत चढवून ठेवावा लागे. एकेरी रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. कॉन्व्हॉय सुटायचा तो ओळीनं, मधे थांबायची सोय नाही. झोजिला उतरली की द्रास, मग कारगिल, आणि पुढे 13,000 फुटांच्या वरचा फोतू ला. पहाटे गाडी सुरू व्हायची नाही, कारण डिझेल आणि ऑइल गोठलेलं असायचं. इंजिनाखाली आच धरायची, चाकांना साखळ्या चढवायच्या, हातमोजा काढून नट धरला तर कातडी लोखंडाला चिकटायची. एक गाडी दरीत गेली तर मागच्यांनी तिच्या जागेवरून तशीच गाडी काढायची, कारण मागे अख्खी रांग असते. मित्र गेला हे संध्याकाळी ट्रान्झिट कॅम्पमध्ये मोजणी झाल्यावर कळायचं.

वरच्या चौकीवर डिसेंबरात एखाद्या जवानानं रोटी खाल्ली असेल, तर ती सप्टेंबरात कुणीतरी गाडीत भरून नेलेली होती. त्या कोअरचं ब्रीद ‘सेवा अस्माकं धर्मः’ असं आहे. अशा माणसांशिवाय कुठलीही लढाई दोन दिवसदेखील चालत नाही. आणि अशा माणसांवर वीरगाथा लिहिल्या जात नाहीत, कारण त्यांच्या कामात सांगण्यासारखा एक क्षण नसतो. तेच काम, तोच रस्ता, हजारदा.

आता घराकडे येते. 1972 साली तात्या त्या रस्त्यावर होते, तेव्हा आमच्या माणमध्ये दुष्काळ पडला होता. महाराष्ट्रातल्या वयस्कर माणसांना ‘बहात्तरचा’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पाऊस सलग गेला होता, विहिरी तळाला गेल्या, बैल विकले गेले, जे विकले नाहीत ते दावणीला मेले. तात्यांची मनीऑर्डर यायची ती आजोबांच्या नावे. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असे, पोस्टमन तो तुकडा फाडून हातात द्यायचा. आईनं त्यातले काही तुकडे जपून ठेवले आहेत. जांभळ्या शाईत, घट्ट अक्षरात लिहिलेलं. एकावर आहे: ‘पैसे पोचताच कळविणे. बैल विकू नये. पोरीला दूध कमी करू नये.’ तो तुकडा घरी आला तेव्हा बैल विकून झाले होते.

पैसे होते, पण बाजारात धान्य नव्हतं. रेशनला मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, यायची, तीही पुरायची नाही. घरात खाणारी तोंडं अकरा. म्हणून फौजी माणसाची बायको असूनही आई दुष्काळी कामावर गेली. आधी खडी फोडायला, मग पाझर तलावाच्या भिंतीवर माती टाकायला. मोठी बहीण पाटीत बांधावर ठेवलेली असायची, दुपारी सुकडी मिळायची. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. त्यांतली एक माझी आई. तिच्या डोक्यावरून गेलेल्या मातीचा तो पाझर तलाव अजून आहे, पाऊस झाला की भरतो, आणि खालच्या विहिरींना त्याचं पाणी लागतं.

म्हणजे त्या वर्षी माझा बाप लडाखमध्ये फौजेचं धान्य वाहत होता आणि माझी आई माणमध्ये तलावाची माती. दोघांनाही एकमेकांचा पत्ता महिना-महिना लागत नव्हता. यातलं देशासाठी कुठलं आणि घरासाठी कुठलं, हे मला वेगळं काढता येत नाही. तात्यांना तिथे निवांत गाडी चालवता आली, कारण इथे म्हातारे आई-बाप, धाकटे दीर आणि लेकरू सांभाळणारं कुणीतरी होतं. आणि आईला त्या वर्षी निदान पाच तारखेच्या आसपास पैसे येणार हा भरवसा होता, जो शेजारच्या घरांना नव्हता.

आता या दोघांचं देशाच्या दप्तरात काय उरलं ते सांगते. तात्यांचं डिस्चार्ज बुक आहे. त्यात नंबर, हुद्दा, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, वर्तणुकीचा शेरा आणि मेडलांची यादी आहे. आईच्या वाट्याला त्यात एक ओळ आहे, आणि ती ओळही चुकलेली आहे. लग्नानंतर लगेच नोंद करताना कुणीतरी तिचं माहेरचं नाव लिहिलं, जन्मतारीख अंदाजानं टाकली. आधार कार्डावर सासरचं नाव, तारीख तिसरीच. तात्या गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे शाबीत करायला तिला प्रतिज्ञापत्र करावं लागलं, सरपंचाचा दाखला आणावा लागला, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जावं लागलं. माण-खटाव, पाटण, गडहिंग्लज, चंदगड, कुठल्याही फौजी पट्ट्यात विचारा, असल्या अडचणीत सापडलेली बाई प्रत्येक वाडीत निघते.

मेडलं आमच्याकडे डब्यात होती. रंगीत फिती उडालेल्या. त्यांतलं कुठलं कशाचं, हे तात्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पुढे एका निवृत्त सुभेदारांनी एकेक उचलून दाखवलं: हे 1965 चं समर सेवा स्टार, हे 1971 चं संग्राम मेडल, हे पश्चिमी स्टार, ही सैन्य सेवा मेडलवरची हिमालयाची पट्टी, हे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, हे वीस वर्षांच्या नोकरीचं. त्यांनी मेडल आडवं धरलं आणि कड दाखवली. कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. घरात मेडल असेल तर आज उठून ती कड बघा. कागद वाळवीनं खाल्ले, तरी त्या नंबरावरून माणसाचा माग लागू शकतो. कितीतरी घरांत ही मेडलं लेकरांच्या खेळण्यात गेली, भंगारात गेली.

आणि माग काढायला उशीर करून चालत नाही. फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसांतली शीट रोल, म्हणजे जवानाच्या नोकरीची नोंद, आणि बाकीची कागदपत्रं नियमानं ठरावीक मुदत उलटली की नष्ट केली जातात. पेन्शनविना लवकर बाहेर पडलेल्यांची आधी, पेन्शनरांची नंतर. यात कुणाचा कुहेतू नाही, एवढं कागद ठेवायचं कुठे हा त्यांच्यापुढचा प्रश्न खरा आहे. पण परिणाम व्हायचा तोच होतो. 1962, 1965, 1971 पाहिलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. माणूस गेला, कागद गेला, मेडल भंगारात गेलं, की त्या नोकरीचा पुरावाच संपला.

दुसरीकडे काय होतं ते पाहा. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 साली पंजाब सरकारनं गाववार रजिस्टरं केली होती: भरती झालेल्याचं नाव, बापाचं नाव, गाव, पलटण. मेलेल्यांबरोबर परतलेल्यांचीही. ती जवळजवळ शंभर वर्षं लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. 2021 मध्ये ती डिजिटल रूपात बाहेर यायला लागली. सुमारे 3,20,000 माणसांची नोंद. इंग्लंड-कॅनडात वाढलेल्या नातवंडांना, पणतवंडांना आपला माणूस मेसोपोटेमियात होता की फ्रान्समध्ये, ते त्यातून कळू लागलं. अमेरिकेत 2000 साली तिथल्या संसदेनं कायदा करून माजी सैनिकांच्या आठवणी गोळा करायचं काम राष्ट्रीय ग्रंथालयाकडे दिलं. हुद्दा लागत नाही, शौर्यपदक लागत नाही. स्वयंपाकी असो, कारकून असो, घरच्या माणसानं किंवा शाळेतल्या पोरानं समोर बसून अर्धा तास बोलणं रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. ते कायमचं जपलं जातं.

आपल्याला हे जमणार नाही असं काहीही नाही. पेशव्यांच्या काळात कुठल्या स्वाराला किती रोजमुरा दिला, कुणाचं घोडं मेलं, याचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आपण आजही उलगडून वाचतो. ज्या मुलखानं घोड्याची नोंद ठेवली, त्याला विसाव्या शतकातल्या ड्रायव्हरची नोंद जड जाऊ नये.

यावर आक्षेप येतात. बहुतेक माझ्याच गोतावळ्यातून आलेत.

पहिला आक्षेप: ती नोकरी होती, पगार मिळत होता, पेन्शन मिळते, कॅन्टीन आहे, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, ईसीएचएसचा, दवाखाना आहे, आता वन रँक वन पेन्शनही आली. आणखी काय हवं? मला आणखी सवलत नकोय. तात्यांनी घेतलेल्या प्रत्येक रुपयाचं त्यांनी काम केलं, हे मान्य आहे. नोंद म्हणजे उपकाराची परतफेड नाही. या मुलखातल्या माणसांनी विसाव्या शतकात काय काम केलं, हा आपल्या इतिहासाचा भाग आहे, आणि तो लिहिला गेला नाही तर आपला इतिहास सेनापतींचा आणि हुतात्म्यांचाच राहतो. मधली सगळी माणसं गळतात.

दुसरा आक्षेप: मग शिक्षकांची का नाही, एसटीच्या ड्रायव्हरची का नाही, पोस्टमनची का नाही? अगदी बरोबर, त्यांचीही हवी. दुष्काळी कामावरच्या 50 लाखांची तर सगळ्यांत आधी हवी, कारण त्यांच्याकडे डिस्चार्ज बुकदेखील नाही, हजेरीपट कधीच नाहीसे झाले. पण कुठूनतरी सुरुवात करायची तर जिथे नंबर आहे, यादी आहे, कार्यालय आहे, तिथून करणं सोपं. जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. माजी सैनिकांची घरपट्टी माफ करायचा निर्णय राज्यानं 2020 साली घेतला, त्यासाठी अर्ज घेताना ग्रामपंचायतींकडे कागद येतातच. यादी जवळजवळ तयार आहे, फक्त तिच्या पुढे माणसाची गोष्ट लिहायची राहिली आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुलं बापाबद्दल खरं लिहितील का? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा आपला संस्कार. म्हणून श्रद्धांजलीच्या फलकावर प्रत्येक बाप प्रेमळ, कष्टाळू आणि देशभक्त असतो, आणि त्यातून कुठलाच बाप दिसत नाही. तात्या प्रेमळ होते यात मला तिळमात्र शंका नाही. पण निवृत्त होऊन घरी आले तेव्हा ते आमच्यासाठी जवळजवळ पाहुणे होते. वर्षातून दोन महिने दिसलेला माणूस एकदम कायमचा घरात आला. पहाटे पाचला सगळ्यांना उठवायचे, अंथरुणाची घडी चुकली की चिडायचे, घाटातून गाडी जाताना खिडकीशी बसले की घामाघूम व्हायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. पुढे बँकेत गार्ड म्हणून लागले तेव्हा जरा निवळले. धाकट्या भावाशी त्यांचं शेवटपर्यंत नीट जमलं नाही. हे सगळं त्यांच्या नोंदीत यायला हवं. त्यानं त्यांचा मान कमी होत नाही. उलट एकवीस वर्षांच्या नोकरीची किंमत त्यांनी आणि आम्ही कशात मोजली, ते तिथेच दिसतं. लोकांना अभिमान वाटावा म्हणून बापाला पुतळ्यासारखं गुळगुळीत करणं ही मला त्याच्याशी केलेली प्रतारणा वाटते.

प्रेम आहे म्हणूनच खरं लिहावं. तात्यांनी आम्हाला कधी जवळ घेऊन लाडाचे शब्द बोलले नाहीत. पण ‘पोरीला दूध कमी करू नये’ हे त्यांनी लेहच्या वाटेवरच्या कुठल्यातरी कॅम्पातून, गारठलेल्या हातानं लिहिलं, मुलगा नसून मुलगी झाली म्हणून घरात कुजबुज असताना लिहिलं, आणि आजोबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवल्यावर आईच्या बाजूनं घरात पहिल्यांदा कुणीतरी बोललं. त्यानंतर बहिणीचं दूध थांबलं नाही. तिन्ही मुलींना त्यांनी शिकवलं. शेतीचा तुकडा विकायची वेळ आली तेव्हा भावकीचा विरोध घेऊन विकला, तो धाकटीच्या नर्सिंगच्या फीसाठी. माझ्या लेखी हे त्यांच्या कुठल्याही मेडलाच्या बरोबरीचं आहे, आणि ते कुठल्याही दप्तरात नाही.

म्हणून माझी मागणी कमानीची नाही, चौकाला नाव द्यायची नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक जाड, बांधीव रजिस्टर करावं. माजी सैनिकाला एक पान: नंबर, पलटण किंवा कोअर, कुठे-कुठे होता, काय काम केलं, त्याच्या किंवा घरच्यांच्या शब्दांत. समोरचं पान घरातल्या बाईचं: तो नसताना घर कसं चाललं, शेत कुणी केलं, दुखण्या-बाळंतपणांना कोण होतं. तिचं दोन्ही नावांनिशी, माहेरच्या आणि सासरच्या, म्हणजे पेन्शनच्या वेळीही ते पान कामाला येईल. गावच्या हायस्कूलच्या नववीच्या मुलांनी ही पानं लिहावीत, फोनवर आवाज रेकॉर्ड करावा. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि एक राज्याच्या पुराभिलेखागारात जावी. 7 डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी आपण दरवर्षी गोळा करतो, त्याच दिवशी त्या वर्षाची नवी पानं ग्रामसभेत वाचावीत. याला खर्च जवळजवळ नाही, इच्छा लागते.

आमच्या वाडीत हे मी आणि शाळेच्या दोन शिक्षकांनी सुरू केलं आहे. म्हातारे आधी ‘आमचं काय लिहायचं’ म्हणतात. ‘लंगरात काय मिळायचं’ असं विचारलं की बोलायला लागतात. बायका मात्र विचारायचीही वाट पाहत नाहीत. एका आजींनी दारातच सांगायला सुरुवात केली, 1965 साली नवऱ्याचं पत्र तीन महिने नव्हतं तेव्हापासून, आणि पोरं लिहून दमली तरी त्या 1972 पर्यंतही पोचल्या नव्हत्या.